परवलीच्या शब्दांची खिशातली तिजोरी

बँकेचे खाते, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, प्राप्तिकराचे विवरणपत्र, ई-मेल अशा प्रत्येक दारावर आज परवलीचा शब्द अर्थात पासवर्ड विचारला जातो. इतके शब्द लक्षात ठेवणे सामान्य माणसाला शक्य नसते. मग एकच शब्द सगळीकडे वापरला जातो किंवा घरातल्या वहीत लिहून ठेवला जातो. पहिल्या प्रकारात एका संकेतस्थळावरील चोरीने सर्व खाती उघडी पडतात. दुसऱ्या प्रकारात वही ज्याच्या हाती लागेल त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. यावर उपाय म्हणून महाजालाशी कधीही न जोडले जाणारे, खिशात मावणारे आणि हे शब्द सांकेतिक रूपात जपणारे छोटे उपकरण तयार करता येते. वरवर साध्या वाटणाऱ्या या उपकरणाला दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात. चोराला ते उघडता येऊ नये आणि मालक मात्र त्याला कायमचा मुकू नये.

जुने दुखणे

पासवर्डची साठवण हे संगणकशास्त्राचे जुने दुखणे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने १९६१ साली एकच संगणक अनेकांना वाटून देणारी 'सीटीएसएस' ही प्रणाली दाखवली. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र राहाव्यात म्हणून तिच्यात पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून पासवर्डची संपूर्ण यादीच छापून घेतली. २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा ते जसेच्या तसे साठवलेले आढळले. त्यांत सर्वाधिक वापरला गेलेला पासवर्ड होता '१२३४५६'.

यादी सांकेतिक करून दुसऱ्याच्या हवाली केली, तरी धोका पूर्णपणे टळत नाही. पासवर्ड सांभाळणाऱ्या 'लास्टपास' या सेवेकडून २०२२ मध्ये ग्राहकांच्या सांकेतिक तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. अशी प्रत हाती आली की चोराला घाई उरत नाही. मुख्य पासवर्डचे अंदाज तो आपल्या संगणकावर हवे तितके वेळा तपासून पाहू शकतो. खिशातल्या उपकरणाच्या बाबतीत मात्र त्याला आधी ती वस्तू प्रत्यक्ष मिळवावी लागते आणि लाखो लोकांचा ठेवा त्याला एका ठिकाणी सापडत नाही.

कुलूप एकीकडे, किल्ली दुसरीकडे

अशा उपकरणाचा उत्तम नमुना म्हणजे 'मूल्टीपास'. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी कारागिरांत लोकप्रिय असलेल्या 'हॅकअ‍ॅडे' या संकेतस्थळावर मॅथ्यू स्टीफन यांनी २०१३ च्या अखेरीस हा प्रकल्प मांडला. २०१४ मध्ये लोकवर्गणीतून त्याच्या उत्पादनासाठी पैसा उभा राहिला. २०१६ मध्ये त्याची लहान आवृत्ती आली. विद्युतमंडलाचा आराखडा आणि आज्ञावली, दोन्ही सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली. सांकेतिक पद्धत शत्रूला ठाऊक असली तरी केवळ किल्लीच्या गुप्ततेवर ती टिकली पाहिजे, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. खुल्या आराखड्यामागे तेच तत्त्व आहे.

पहिल्या मूल्टीपासमधील 'अ‍ॅटमेगा ३२यू४' हा नियंत्रक अगदी साधा होता. आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि कामापुरती अडीच किलोबाइट, एवढीच त्याची स्मृती. या रचनेचे बळ कामाच्या विभागणीत आहे. पासवर्ड उपकरणातील स्मृतीत सांकेतिक रूपात असतात. ते उलगडणारी २५६ बिटांची किल्ली वेगळ्या स्मार्ट कार्डवर असते आणि ते कार्ड मालकाच्या मनातल्या पिन क्रमांकाशिवाय किल्ली देत नाही. बँकेचा लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसाच हा प्रकार. नुसते उपकरण चोरणाऱ्याच्या हाती निरर्थक अंक पडतात, तर नुसत्या कार्डाने काहीच उघडत नाही.

तीन चुका आणि कुलूप बंद

चार अंकी पिनच्या शक्यता फक्त १०,००० असतात. पिनवरूनच किल्ली तयार केली, तर साधा संगणकही त्या सर्व शक्यता क्षणार्धात तपासेल. म्हणून पिनचे बळ तो किती वेळा चुकवू दिला जातो यावर ठरते. मूल्टीपासच्या कार्डात तीन चुकांनंतर कार्ड कायमचे बंद होते. त्याच्या पिनमध्ये प्रत्येक स्थानी १६ चिन्हांपैकी एक निवडता येते. त्यामुळे ६५,५३६ शक्यतांपैकी तीनच चोराच्या वाट्याला येतात.

येथे रचनाकाराने एक काळजी घ्यावी लागते. आधी पिन तपासला आणि मग चूक नोंदवली, तर मधल्या क्षणी वीज तोडून चोर नोंद टाळू शकतो आणि अंदाज बांधत राहतो. म्हणून नोंद आधी करावी, तपासणी नंतर करावी आणि पिन बरोबर ठरल्यावरच नोंद पुसावी.

किल्ली तयार करतानाही असाच निष्काळजीपणा महागात पडतो. २००६ मध्ये 'डेबियन' या संगणकप्रणालीतील एका बदलामुळे तेथील सांकेतिक किल्ल्यांचा यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्यांसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. हा दोष २००८ मध्ये उघडकीस आला. किल्ली २५६ बिटांची असूनही ती अंदाज करता येण्याजोग्या अंकांतून जन्मली, तर तिची लांबी केवळ कागदावरच राहते.

टंकलेखनाची पद्धत

साठवलेला पासवर्ड संगणकात पोहोचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे उपकरणाने स्वतःला यूएसबी कळफलक म्हणून सादर करणे. त्यासाठी वेगळी आज्ञावली बसवावी लागत नाही आणि मालकाला सोळा-वीस अक्षरांचा अर्थहीन शब्द टंकावा लागत नाही. मात्र कळफलक अक्षर पाठवत नाही, तो कोणती कळ दाबली गेली एवढेच सांगतो. फ्रेंच मांडणीच्या संगणकावर 'ए' आणि 'क्यू' यांच्या जागा बदलतात. आपल्याकडे देवनागरीची इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिली असेल, तर पासवर्डऐवजी भलतीच अक्षरे उमटतील आणि खाते मालकालाच नाकारेल. म्हणून मांडणी निवडण्याची सोय उपकरणात हवी.

स्वतंत्र पडदा आणि कळ यांचे महत्त्व याहून मोठे. पिन उपकरणावरच दिला जातो, म्हणून संगणकात दडलेल्या हेरगिरीच्या आज्ञावलीला तो दिसत नाही. कोणत्या खात्याचा पासवर्ड मागितला जात आहे हे पडद्यावर वाचूनच मालक संमती देतो. संगणक परस्पर सगळी तिजोरी रिकामी करू शकत नाही. अर्थात, जो पासवर्ड संगणकात उतरला, तो दूषित संगणकाला मिळतोच. मालकाने बनावट संकेतस्थळावर स्वतः निवडून दिलेला पासवर्डही वाचवता येत नाही.

हरवले तर?

सुरक्षा जितकी कडक, तितकी विसराळूपणाची किंमत मोठी. पिन तीनदा चुकला की मालक आणि चोर यांत उपकरण फरक करत नाही. पाण्यात पडलेल्या उपकरणाला कोणतीही सेवा पासवर्ड परत देत नाही. त्यामुळे हरवण्याची तयारी मूळ आराखड्यातच असावी लागते. मूल्टीपासमध्ये कार्डाची दुसरी प्रत काढता येते आणि सांकेतिक माहितीची फाइल संगणकावर उतरवून घेता येते. किल्लीविना ती फाइल कुणाच्याच उपयोगाची नसल्याने तिच्या अनेक प्रती ठेवण्यास हरकत नाही. दुसरे कार्ड मात्र पहिल्यापासून दूर, शक्यतो वेगळ्या घरी असावे. या प्रतींवरून माहिती खरोखर परत मिळते का, हे कोऱ्या उपकरणावर एकदा तरी करून पाहावे. न तपासलेली प्रत ऐन वेळी दगा देऊ शकते.

घरातील कर्ता माणूस अचानक गेल्यास कुटुंबाला बँक आणि विम्याची माहिती कशी मिळणार, हाही याच आराखड्याचा भाग आहे. दुसरे कार्ड एका विश्वासू नातेवाइकाकडे आणि पिनचे बंद पाकीट दुसऱ्याकडे ठेवले, तर दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि गरज पडल्यास ती उघडण्याची वाटही खुली राहते. उपकरण घेताना किंवा घडवताना हे दोन नातेवाईक आधी ठरवावेत, मग पहिला पासवर्ड त्यात साठवावा.