अर्धशायी सायकल व स्थिर व्यायाम

अर्धशायी सायकल व स्थिर व्यायाम : पाठीला आधार देणाऱ्या आसनावर मागे रेलून आणि पाय पुढे पसरून जी सायकल चालविली जाते, तिला अर्धशायी सायकल म्हणतात. नेहमीच्या सायकलीत पायटे (पेडल) बैठकीच्या खाली असतात. अर्धशायी सायकलीत ते आसनाच्या पुढे, बहुधा आसनाच्या पातळीच्या आसपास असतात. सायकलीचे मागील चाक ज्या मांडणीत अडकवून ती घरात जागच्या जागी चालविता येते, त्या मांडणीला सरावक (ट्रेनर) असे म्हणता येईल. अर्धशायी सायकलीचा इतिहास हा मुख्यतः वेगाचा, तर स्थिर सायकलीचा इतिहास हा मुख्यतः मापनाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोन प्रवाह एकत्र आले. वाऱ्याचा रोध चुकविणारे वाहन जेथे वाराच नाही अशा खोलीत नेल्यावर त्याचा कोणता गुण शिल्लक राहतो, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

अर्धशायी सायकलीचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. झेपेलिन वायुयानांच्या बांधणीत भाग घेतलेले अभियंते पॉल याराय यांची या प्रकारची सायकल १९२० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत विक्रीस आली. तथापि या वाहनाला खरी प्रसिद्धी फ्रान्समध्ये मिळाली. शार्ल मॉशे (१८८०–१९३४) यांनी प्रथम आपल्या लहान मुलासाठी पायट्यांवर चालणारी चारचाकी गाडी तयार केली. मुलासाठी सायकल धोक्याची ठरेल, अशी त्याच्या आईला भीती वाटे. पुढे मोठ्या माणसांसाठीही अशा गाड्या तयार होऊ लागल्या आणि त्या ‘व्हेलोकार’ या नावाने विकल्या गेल्या. १९३२ च्या सुमारास मॉशे यांनी याच कल्पनेवरून दुचाकी अर्धशायी सायकल बनविली.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रांसिस फॉर याने या सायकलीवरून एका तासात ४५·०५५ किमी. अंतर कापले. ऑस्कर एग या स्विस सायकलपटूचा ४४·२४७ किमी.चा १९१४ मधील विक्रम त्यामुळे मागे पडला. फॉर हा त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या शर्यतपटूंत गणला जात नसे. त्यामुळे श्रेय माणसाचे की यंत्राचे, असा वाद उत्पन्न झाला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या बांधली. पायट्यांच्या आसाची जमिनीपासूनची उंची आणि त्या आसाच्या संदर्भात बैठकीचे स्थान यांवर तीत मर्यादा घालण्यात आल्या. अर्धशायी सायकल या व्याख्येत बसत नसल्यामुळे मान्यताप्राप्त शर्यतींतून ती बाद झाली. मॉशे यांचे त्याच वर्षी निधन झाले. १९३९ मध्ये फॉरने आवरण घातलेल्या अर्धशायी सायकलीवरून तासाला ५० किमी.ची मर्यादा ओलांडली. परंतु नियम बदलला नाही. शर्यतीत स्थान नसलेल्या या वाहनाच्या सुधारणेकडे नंतर कित्येक वर्षे फारसे कोणी वळले नाही.

दरम्यान स्थिर सायकलीचा विकास वेगळ्या वाटेने झाला. १७९६ मध्ये फ्रांसिस लाउंड्स यांनी लंडनमध्ये हातापायांना व्यायाम देणाऱ्या ‘जिम्नॅस्टिकॉन’ या यंत्राचे एकस्व घेतले. डेन्मार्कचे शरीरक्रियावैज्ञानिक ऑगस्ट क्रॉग (१८७४–१९४९) यांनी १९१३ मध्ये विद्युत् चुंबकीय रोध असलेल्या श्रममापक सायकलीचे वर्णन प्रसिद्ध केले. स्नायूंनी केलेले कार्य आणि शरीराने वापरलेला ऑक्सिजन यांचे एकाच वेळी मापन करणे अशा साधनांमुळे शक्य झाले. रुग्णाची छाती स्थिर ठेवून हृदयाची तपासणी करता यावी म्हणून पुढे आडवे पडून चालविण्याची श्रममापक सायकलही रुग्णालयांत वापरात आली. अर्धशायी आसन अशा रीतीने रस्त्यावरून हटले असतानाच प्रयोगशाळेत स्थिरावत होते.

१९६० नंतरच्या काळात मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन (१९२८–२०१९) यांनी मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांच्या सुधारणेस चालना दिली. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या मानवचलित वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने सायकलीच्या घडणीवर कोणतेच बंधन न घालता स्पर्धा भरविल्या. आसनाच्या सुखावहपणामुळे पाठदुखी, मानदुखी किंवा मनगटाच्या तक्रारी असलेली माणसेही या वाहनाकडे वळली. यूरोप व उत्तर अमेरिका येथील लांब हिवाळ्यात सराव खंडित होऊ नये, म्हणून याच लोकांनी आपल्या सायकली सरावकावर चढविल्या.

सरावकाच्या साध्या प्रकारात मागील चाकाचा आस दोन्ही बाजूंनी पकडला जातो आणि चाकाच्या धावेवर एक रूळ दाबून बसविला जातो. रुळाला पंखा, चुंबक किंवा दाट द्रवात फिरणारी पाती जोडून रोध निर्माण करतात. काही सरावकांत मागील चाक काढून साखळी थेट यंत्राच्या दंतचक्रावर चढवितात. अर्धशायी सायकलीची साखळी नेहमीच्या साखळीच्या दुपटीहून अधिक लांब असू शकते. तिच्या लांबीमुळे जागाही अधिक लागते. मागील चाक लहान असल्यास ते सर्वच सरावकांत बसत नाही.

सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा रोध मोडण्यात खर्च होते. अर्धशायी सायकलीचा वेग या रोधाच्या बचतीतून येतो. खोलीत ही बचत उरत नाही. उलट अंगावरून वारा वाहत नसल्याने घाम लवकर वाळत नाही आणि आसनाला टेकलेली पाठ तापते. म्हणून जाळीदार आसन व समोर पंखा यांची गरज भासते. उरतो तो केवळ शरीराच्या स्थितीतील फरक. उत्पन्न होणारी शक्ती मांडी व धड यांतील कोनावर अवलंबून असते. उभ्या सायकलीची सवय असलेल्या माणसाला स्नायू नव्या स्थितीस सरावेपर्यंत प्रारंभी कमी शक्ती लावता येते. पाय वर आल्यामुळे त्यांतील रक्त हृदयाकडे अधिक सहज परतते आणि प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर टाकले जाते. त्यामुळे उभ्या सायकलीसाठी ठरविलेली नाडीच्या ठोक्यांची मर्यादा येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. सुखावह आसन म्हणजे हृदयावरील कमी भार, हा समजही बरोबर नाही. हृद्‌रोहिणीच्या विकारात आडव्या स्थितीत व्यायाम करताना हृदयात अधिक रक्त भरते आणि उभ्या स्थितीपेक्षा कमी श्रमातही छातीत कळ येऊ शकते. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याने व्यायामाचे प्रमाण ठरविणे आवश्यक असते.

२०१० नंतर संगणकाशी जोडलेले सरावक प्रचारात आले. त्यांत स्वाराने लावलेल्या शक्तीवरून पडद्यावरील काल्पनिक मार्गावरचा वेग काढला जातो. हे गणित सामान्यतः नेहमीच्या सायकलीचा वायुरोध गृहीत धरते. त्यामुळे अर्धशायी सायकलस्वाराला त्याच्या वाहनाचा रस्त्यावरील लाभ तेथे मिळत नाही. १९३४ च्या व्याख्येने जे नियमाने घडविले, ते येथे गृहीतकाने घडते. मात्र ज्यांची पाठ वा मनगटे उभ्या सायकलीवर बसू देत नाहीत, त्यांच्या दृष्टीने हा तोटा गौण आहे. सायकल चालविणे चालू राहते, हाच त्यांचा लाभ होय.