नाव नसलेली खोली आणि नावाला बांधलेला पाहुणा

ऑक्टोबर १९९८. अमेरिकेतील प्राइसलाइन या अवघ्या सहा महिन्यांच्या कंपनीने हॉटेलांच्या खोल्या विकायला काढल्या. विकण्याची रीत मात्र विक्षिप्त होती. ग्राहकाने शहर सांगायचे, शहराचा भाग सांगायचा, किती ताऱ्यांचे हॉटेल हवे ते सांगायचे, तारखा सांगायच्या आणि शेवटी किंमतही त्यानेच सांगायची. हॉटेलचे नाव तेवढे त्याला कळणार नव्हते. क्रेडिट कार्डाचा क्रमांक आधी द्यायचा. बोली मान्य झाली की पैसे तत्क्षणी वळते होणार आणि त्यानंतरच नाव उघड होणार. नाव आवडले नाही, बेत बदलला, आजारपण आले, तरी पैसे परत नाहीत.

इतक्या जाचक अटी लोकांनी का मान्य केल्या, आणि मुळात हॉटेलांनी या खेळात उतरायचे का ठरवले, हे समजण्यासाठी खोली नावाच्या मालाचा स्वभाव पाहावा लागतो.

हॉटेलची खोली ही भाजीपेक्षाही नाशवंत असते. न विकलेली मेथी निदान दुसऱ्या दिवशी कोमेजलेली का होईना, पण असते. मंगळवारची रिकामी रात्र बुधवारी विकता येत नाही. इमारतीचे कर्ज, पगार, वीज हा खर्च खोली भरली तरी होतो आणि रिकामी राहिली तरी होतो. एका जादा पाहुण्यामुळे वाढणारा खर्च म्हणजे चादरी धुणे, साबण, थोडे पाणी. त्यामुळे रात्री नऊ वाजता रिकाम्या खोलीचे मिळतील तेवढे पैसे घेणे शहाणपणाचे ठरते. मग दर उघडपणे का उतरवू नये? कारण मग दुप्पट पैसे द्यायला तयार असलेला पाहुणाही तोच उतरलेला दर मागेल. अडचण खोली विकण्याची नव्हती. एकच खोली दोन माणसांना दोन दरांनी विकायची आणि पहिल्याला दुसऱ्याचा दर कळू द्यायचा नाही, ही खरी अडचण होती.

ही अडचण आधी विमान कंपन्यांनी सोडवली. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानवाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्या मैदानात आल्या. त्यांना तोंड देण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५ मध्ये अतिशय स्वस्त तिकिटे आणली, पण त्यांच्याभोवती कुंपण घातले: तिकीट बरेच आधी काढा, शनिवारची रात्र मुक्कामी घालवा. कामासाठी फिरणारा माणूस शनिवारी घरी परततो, म्हणून तो या कुंपणाबाहेरच राहिला आणि पूर्ण भाडे देत राहिला. प्रत्येक उड्डाणात स्वस्त जागा किती सोडायच्या याचे गणित संगणक करू लागला. पुढे मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी हेच तंत्र उचलले.

जे वॉकर या उद्योजकाने या कुंपणाला नवे रूप दिले. त्याने कुंपण म्हणून अज्ञान वापरले. ज्याला नेमके हॉटेल, नेमकी वेळ, रद्द करण्याची मुभा हवी, तो डोळे झाकून बोली लावणार नाही; ज्याला केवळ स्वस्त निवारा हवा, तो लावील. माणसे आपणहून दोन रांगांत उभी राहतात. हॉटेलचे नाव झाकलेले असल्यामुळे त्याचा जाहीर दरही अबाधित राहतो. वॉकर यांच्या या कल्पनेला ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले, क्रमांक ५७९४२०७. किंमत सांगून खरेदी करण्याच्या रीतीवर कोणाचा हक्क असू शकतो काय, या प्रश्नावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एक्सपीडियाने अशीच सोय सुरू केली तेव्हा प्राइसलाइनने न्यायालयात धाव घेतली. २००१ मध्ये तडजोड होऊन एक्सपीडियाने स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले.

प्राइसलाइनच्या या व्यवहाराला सर्रास ‘उलटा लिलाव’ म्हटले जाते. हे नाव फसवे आहे. लिलावात बोली सर्वांना ऐकू येते. इथे ग्राहकाला ना विक्रेता दिसत होता, ना दुसरा ग्राहक. आपल्याकडच्या जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरणाऱ्या सौद्याशी याचे साम्य अधिक; फरक एवढाच, की रुमालाखालचा दुसरा हात कोणाचा हेही इथे ठाऊक नसे. हॉटेले आपला गुप्त किमान दर आधीच नोंदवून ठेवत. समजा तो दर ६० डॉलर असेल आणि ग्राहकाने ८५ डॉलरची बोली लावली, तर हॉटेलला मिळत ६० आणि मधले २५ प्राइसलाइनचे. आपण २५ डॉलर जास्त दिले, हे त्या आनंदी ग्राहकाला कधीच कळत नसे.

साहजिकच चतुर ग्राहकांचे सारे कसब तो गुप्त दर हुडकण्यात खर्ची पडू लागले. सर्वांत खालच्या बोलीपासून सुरुवात करून पाच पाच डॉलरने वर चढत जाणे हा सरळ उपाय. पण प्राइसलाइनने तो नियमाने अडवला होता. एकदा नाकारलेली बोली केवळ रक्कम वाढवून लगेच पुन्हा लावता येत नसे. चोवीस तास थांबा, नाहीतर तारीख, ताऱ्यांची संख्या किंवा शहराचा भाग यांपैकी काही बदला. या नियमातच पळवाट दडलेली होती. शहराच्या ज्या भागात चार ताऱ्यांचे एकही हॉटेल नाही, तो भाग आपल्या मागणीत जोडायचा. यंत्राच्या लेखी मागणी बदलली, म्हणून नवी बोली मंजूर. प्रत्यक्षात त्या भागात हॉटेलच नसल्याने तिकडे फेकले जाण्याचा धोका शून्य. असे चार निरुपद्रवी भाग सापडले, की एकाच दिवशी चार फुकटच्या बोली. कोणत्या शहरात कोणत्या भागात किती ताऱ्यांची हॉटेले आहेत आणि कितीची बोली लागली, याचे तक्ते प्रवासी एकमेकांना पुरवू लागले. कंपनीने झाकलेली माहिती ग्राहकांनी थेंबे थेंबे पुन्हा गोळा केली.

भांडवली बाजार या काळात वेगळ्याच नशेत होता. ३० मार्च १९९९ रोजी प्राइसलाइनचा शेअर १६ डॉलरला विक्रीस आला आणि त्याच दिवशी ६९ डॉलरवर बंद झाला. एकही विमान वा हॉटेल नसलेल्या, तोट्यात चाललेल्या कंपनीचे मूल्य सुमारे हजार कोटी डॉलर झाले. वॉकर यांनी मग हीच रीत किराणा आणि पेट्रोलला लावायचे ठरवले. त्यासाठी काढलेली वेबहाउस क्लब ही संस्था ऑक्टोबर २००० मध्ये बंद पडली. कारण इथवर वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल: साबणाची वडी रात्री बारा वाजता मरत नाही. आज विकली गेली नाही तर उद्या त्याच किमतीला विकली जाते, मग उत्पादक गुप्त सवलत कशाला देईल? ती सवलत वेबहाउसला स्वतःच्या खिशातून द्यावी लागली आणि खिसा रिकामा झाला. त्या वर्षाअखेरीस प्राइसलाइनचा शेअरही दोन डॉलरच्या खाली आला होता.

याच काळात हॉटेलांच्या दुनियेत अगदी उलट दिशेचा एक प्रयोग भरात होता. बोलीने हॉटेलचे नाव पुसले. पॉइंटांनी पाहुण्याला नावाशी बांधले.

पॉइंटांचे कूळ जुने आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. दुकानदार ती खरेदीवर ग्राहकांना देत, ग्राहक वहीत चिकटवत आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात दिवे, भांडी, खुर्च्या घेत. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ही हिरवी वही संगणकात नेली. सेबर या आरक्षणप्रणालीतील नोंदींतून वारंवार उडणारी माणसे शोधून त्यांच्या नावावर मैल जमा होऊ लागले. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि पाठोपाठ मॅरियट यांनी मुक्कामांवर बक्षिसे सुरू केली. १९८७ मध्ये हिल्टन आणि हयात आले.

हिरव्या तिकिटांत आणि या पॉइंटांत एक मूलभूत फरक होता, आणि तो सभ्य भाषेत फारसा बोलला जात नाही. तिकिटे जमवणारी गृहिणी स्वतःच्या पैशाने किराणा घेत असे. पॉइंट जमवणारा मात्र बहुधा कंपनीच्या पैशाने राहत असे. बिल मालकाचे, बक्षीस नोकराचे. अशा माणसाला स्वस्त हॉटेल शोधण्यात रस नसतो. आपले हॉटेल शोधण्यात असतो. हॉटेल साखळ्यांनी नेमका हाच माणूस हेरला होता.

हा पैसा नेमका कोणाचा, हा प्रश्न पुढे सरकारांपर्यंत पोहोचला. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या प्रवासात मिळवलेले मैल सरकारचे मानले जात. २००१ च्या अखेरच्या कायद्याने ते कर्मचाऱ्यांना ठेवू दिले. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकी करखात्याने अशा लाभांवर आपण कर मागणार नाही, असे जाहीर केले. त्याच वर्षी जुलैत जर्मनीत मात्र सरकारी प्रवासाचे मैल खासगी प्रवासाला वापरल्याचे उघड होताच बर्लिनचे आर्थिक व्यवहार खाते सांभाळणाऱ्या ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला आणि संसद सदस्य चेम ओझदेमिर यांनाही माघार घ्यावी लागली. एकाच वस्तूला एका देशात नोकराचा हक्क मानले गेले, दुसऱ्यात सार्वजनिक मालमत्ता.

चतुर ग्राहकांनी याही व्यवस्थेला सोडले नाही. १९९९ मध्ये एका अमेरिकी खाद्य-कंपनीने वेष्टणांवरील पट्ट्यांच्या बदल्यात विमानाचे मैल देऊ केले. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने हिशेब केला, की साधारण पाव डॉलरच्या पुडिंगच्या वाटीपेक्षा तिच्यावरील पट्टीचे मैल अधिक मोलाचे आहेत. त्याने १२,१५० वाट्या विकत घेतल्या. पट्ट्या सोलायला माणसे पुरेनात, तेव्हा त्याने पुडिंग साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला दान केले आणि तिच्या स्वयंसेवकांनी पट्ट्या सोलून दिल्या. सुमारे ३,१०० डॉलरच्या खर्चात त्याच्या खात्यावर बारा लाखांहून अधिक मैल जमले. दानाबद्दल करात सूट मिळाली ती वेगळीच.

बोली आणि पॉइंट हे दोन प्रवाह एका जागी थेट भिडले. बोली लावून मिळवलेल्या मुक्कामावर हॉटेल साखळ्या सहसा पॉइंट देत नसत. हे केवळ कंजूषपण नव्हते. पॉइंट म्हणजे नाव निवडल्याचे बक्षीस. ज्याने नाव न पाहता खोली घेतली त्याला ते कशासाठी द्यायचे? त्यामुळे प्रवाशाला हिशेब मांडावा लागे: आज शंभर डॉलर वाचवायचे, की उद्याच्या फुकट रात्रीची बेगमी करायची. स्वखर्चाने फिरणाऱ्याला बहुतेक वेळा पहिलेच परवडे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रवास घटला, खोल्या ओस पडल्या आणि हॉटेलांनी त्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या हाती मोठ्या प्रमाणावर सोपवल्या. पण प्राइसलाइनला तारले ते बोलीने नव्हे. गेर्ट-यान ब्राउन्स्मा या डच तरुणाने १९९६ मध्ये सुरू केलेली बुकिंग ही कंपनी तिने २००५ मध्ये सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. तिथे नाव झाकलेले नव्हते, बोली नव्हती. पाहुणा पैसे हॉटेलात भरत असे आणि हॉटेल दलाली देत असे. साध्या दलालीच्या या धंद्याने मूळ कंपनीला गिळून टाकले. जानेवारी २०१२ च्या जाहिरातीत बोलीचा चेहरा असलेल्या अभिनेता विल्यम शॅटनर यांचे पात्र बससह पुलावरून खाली कोसळताना दाखवण्यात आले. प्रवाशांना आता घासाघीस नको आहे, हे कंपनीने त्याला ठार करून सांगितले. २०१६ मध्ये विमानतिकिटांची बोली बंद झाली, आणि २०१८ मध्ये समूहाने स्वतःचे नाव बदलून बुकिंग होल्डिंग्ज केले. नाव झाकून विकण्याची युक्ती उरली, पण किंमत सांगण्याचा अधिकार ग्राहकाकडून परत घेतला गेला.

पॉइंटांचे राज्य मात्र विस्तारत गेले. १९९९ मध्ये स्टारवुडने आपले पॉइंट सणासुदीच्या तारखांनाही चालतील, असे जाहीर केले आणि प्रवाशांची मने जिंकली. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड सुमारे १३०० कोटी डॉलरना विकत घेतले. त्या किमतीत इमारतींपेक्षा निष्ठावंत पाहुण्यांच्या यादीचा मोह मोठा होता. त्या यादीत आधीच चोर शिरलेले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरियटने जाहीर केले, की स्टारवुडच्या आरक्षण नोंदींत २०१४ पासून घुसखोरी सुरू होती. अखेरच्या अंदाजानुसार ३८ कोटींपर्यंत नोंदी उघड्या पडल्या, आणि त्यांत पन्नास लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक कोणत्याही सांकेतिक संरक्षणाविना ठेवलेले होते.

पॉइंटांचा दर तर आरंभापासून साखळ्यांच्याच हाती होता. २०१३ मध्ये हिल्टनच्या सर्वांत वरच्या श्रेणीतील रात्रीचे मोल ५०,००० पॉइंटांवरून ९५,००० पर्यंत गेले. २०१७ मध्ये हिल्टनने ठरलेल्या दरांचा तक्ताच काढून टाकला. मार्च २०२२ मध्ये मॅरियटनेही आपला तक्ता मागे घेतला. तेव्हापासून या हॉटेलांत पॉइंटांचा दरही खोलीच्या रोख दरासारखा रात्रीगणिक बदलतो, आणि अमुक रात्रीला किती पॉइंट पडतील हे पाहुण्याला ती तारीख यंत्राला विचारूनच कळते.