गोळ्या घेतल्या, पण वापरल्या नाहीत

मागच्या उन्हाळ्यात एका विद्यापीठाची पोरंपोरी आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर आरोग्याचा सर्व्हे करायला आली होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. बातमी मिळेल म्हणून मीही मागं मागं फिरत होतो. एक आजी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत होती. जेवणाआधी हात धुता? हो. पाणी उकळून पिता? हो. पोरं पुढच्या घरी गेल्यावर मी विचारलं, आजी, खरंच पाणी उकळता का? तर म्हणाली, "जळण कुठंय बाबा? पण उन्हातान्हाची आलेली लेकरं, त्यांना नाही कशाला म्हणायचं?"

हे असं पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर घडलंय. पंजाबात, लुधियाना जिल्ह्यात खन्ना नावाचं धान्यबाजाराचं गाव आहे. 1950च्या दशकात अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठानं त्या भागातली खेडी लोकसंख्येच्या अभ्यासाला निवडली. पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा, संमती आपल्या सरकारची. घरोघरी जाऊन बायकांना पाळी, गरोदरपण, सगळं विचारायचं आणि संततिनियमनाच्या फेसाच्या गोळ्या द्यायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं. लोक गोळ्या घेत होते, नोंदी होत होत्या. जन्मदर थोडा खाली आला, पण त्याचं मोठं कारण निघालं मुलींची लग्नं उशिरा होऊ लागणं. गोळ्यांचा त्यात फारसा हात नव्हता.

पुढं महमूद ममदानी नावाचा तरुण अभ्यासक (हो, न्यूयॉर्कच्या जोहरान ममदानींचे वडील) त्यातल्याच मानूपूर गावात गेला. लोकांनी त्याला सरळ सांगितलं, गोळ्या घेतल्या, वापरल्या नाहीत. आलेल्या माणसांचं मन कशाला मोडायचं? एकानं तर गोळ्यांच्या डब्या रचून घरात शोभेची वस्तू करून ठेवली होती. आणि मुलं कमी का करायची? शेतात राबायला, म्हातारपणी सांभाळायला तीच तर होती. 1972 साली ममदानींचं पुस्तक आलं आणि एवढ्या मोठ्या विद्यापीठाची पंचाईत झाली. माझ्या मते यात लबाड कुणीच नव्हतं. फक्त गावाला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

गंमत बघा, त्याच लुधियाना जिल्ह्यात नारंगवाल इथं दुसरं अमेरिकन विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, काम करत होतं. प्रमुख डॉ. कार्ल टेलर. हा माणूस मसुरीचा, मिशनरी डॉक्टरांच्या घरातला. त्यांच्या गटानं गावात राहणाऱ्या आरोग्य सेविकांना लहान मुलांच्या न्यूमोनियावर पेनिसिलीन द्यायला शिकवलं. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना कसे बळ देतात, तेही मोजलं. 1974 च्या सुमाराला हे काम गुंडाळावं लागलं.

पण टेलर सरांचे विद्यार्थी महाराष्ट्रात होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले. नगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. दवाखान्यापेक्षा लोकांना आधी अन्न-पाणी हवं होतं. मग डॉक्टर बोअरवेलच्या मागं लागले! आणि हातपंप बसवले ते दलित वस्तीत, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथंच यावं लागे. एक दवाखाना काय करेल एवढं काम त्या पंपांनी केलं असेल. मग गावोगावच्या बायका, बऱ्याचशा अक्षरओळख नसलेल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाची पहिली खूण, सगळं त्यांना येत होतं. 1971 साली त्या भागात दर हजार जन्मांमागं 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1976 साली हा आकडा 52 वर आला. आज आपल्या गल्लीत 'आशा' ताई फिरतात ना, तिची एक मुळी इथं आहे. गडचिरोलीचे बंग दांपत्यही हॉपकिन्समध्येच शिकून आलेलं.

आमच्या वाडीच्या सर्व्हेचं म्हणाल तर परवा फोन केला होता. 'ॲनालिसिस सुरू आहे' म्हणाले. अहवाल वाडीला वाचून दाखवणार का, असं विचारलं तर पलीकडं थोडा वेळ शांतता होती.

आजीकडं टँकर अजून चार दिवसाआड येतो.