वादकाची जागा



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे आणि वर्षभरातील कार्याचा अहवाल प्रसिद्ध होत असतो, व ते योग्यच आहे. यंदा संपादक मंडळींनी आम्हास आपल्या भागातील नाट्यकलेविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेलेली. तथापि सांगली ही नाट्यपंढरी, आणि आपले कवठे महांकाळ त्या पंढरीच्या पंचक्रोशीतले; म्हणून आज्ञा शिरसावंद्य मानली.

नटांविषयी व नाटककारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या जयंत्या होतात, त्यांच्या नावाची नाट्यगृहे उभी आहेत. आम्ही येथे लिहिणार आहो ते नटाला सूर देणाऱ्या वादकांविषयी, आणि त्यातही विशेषेकरून फुंकीची वाद्ये वाजविणाऱ्यांविषयी. ज्या ज्ञातीची कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या सनई-सुरावर पोसली गेली, तिच्या स्मरणिकेत हा विषय अप्रस्तुत ठरू नये.

या इतिहासाकडे पाहण्याचा एक सोपा मार्ग आम्हास सुचला आहे. वादक काय वाजवीत होता हे तर पाहावेच; परंतु तो कोठे बसत होता, हेही पाहावे. त्याची बसण्याची जागा शतकाशतकाने बदलत गेली आहे, आणि तिच्याबरोबर त्याचा मानही बदलला आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वादकांच्या समूहास ‘कुतप’ असे नाव आहे. नेपथ्यगृहातून रंगमंचावर येणारी जी दोन दारे, त्यांच्यामध्ये या कुतपाची जागा सांगितली आहे. म्हणजे मृदंग वाजविणारा, वीणा वाजविणारा आणि वेणू फुंकणारा हे सर्व प्रेक्षकांच्या दृष्टीसमोर, रंगमंचावरच बसत. नाटकाचा आरंभ त्यांच्या वाद्ये लावण्यानेच होई.

हीच प्रथा थोड्या निराळ्या रूपाने सांगलीत दिसली. कर्नाटकातील कारकी येथील भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीस झाले. ते पाहून तसे काही मराठीत व्हावे असे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले. त्यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला, आणि त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. या खेळात कथेची पदे सूत्रधार म्हणे, आणि मृदंग व झांज वाजविणारे साथीदार त्याच्या मागे रंगमंचावरच असत. देव-दानवांची सोंगे येत आणि जात. सूत्रधार व त्याचे साथीदार मात्र खेळ संपेपर्यंत हलत नसत.

पुढे बलवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. येथून नट स्वतःच गाऊ लागला. नट गाऊ लागला तेव्हा सूत्रधाराची गरज नांदीपुरती उरली, आणि साथीदारांची रंगमंचावरील जागा गेली. ते प्रथम पडद्याच्या बाजूस, विंगेत गेले. पुढे बांधीव थिएटरे झाली तेव्हा रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसू लागले. प्रेक्षकांस नटाचे मुख दिसे. वादकास नटाचे पाय आणि ओठ दिसत. वादक प्रेक्षकांस दिसत नसे.

यात केवळ आपल्याकडील लोकांचाच दोष होता असे नव्हे. युरोपात तर हा विचार आणखी पुढे गेला. १८७६ साली, म्हणजे शाकुंतलाच्या अवघी चार वर्षे आधी, जर्मनीत बायरॉइट येथे वाग्नर या संगीतकाराने जे नाट्यगृह उघडले, त्यात वाद्यवृंदाचा खड्डा रंगमंचाच्या खाली नेऊन वरून झाकला. वादक दिसले तर प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडते, असे त्याचे म्हणणे. आजही लंडन-न्यूयॉर्क येथील संगीत नाटकांत ट्रंपेट वाजविणारा खड्ड्यातच बसतो. वाद्यवृंदाच्या संचालकाची काठी आणि समोरचा स्वरलिपीचा कागद एवढेच त्याचे जग. रंगमंचावर काय चालले आहे हे कित्येकदा त्यास दिसतही नाही.

आपल्या संगीत नाटकात कागद नव्हता. सारा भार कानावर होता, आणि हे काम किती अवघड होते याची कल्पना आजच्या वाचकास यावयाची नाही. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ (१९११) नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, तर ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाच्या भास्करबुवा बखले यांच्या. बालगंधर्वांना ‘वन्समोअर’ मिळू लागले की एकाच पदाचा विस्तार पुनःपुन्हा होई आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. गायक कोणती जागा घेईल हे आधी ठरलेले नसे. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ असे थोर कलावंत त्या मंडळीत साथीस होते. ही नावे जाणकारांच्या स्मरणात आहेत, हे त्यांचे भाग्य. त्या काळी गावोगाव हिंडणाऱ्या लहान मंडळ्यांतूनही कोणीतरी पेटी ओढीत होता, कोणीतरी तबला ठोकीत होता. त्यांची नावे कोणास ठाऊक आहेत?

येथे कोणी विचारील की, मग या साऱ्यात फुंकीचे वाद्य कोठे होते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वाद्याच्या घडणीत आहे. आपली तुतारी किंवा शिंग ही एकसंध नळी. तीतून ओठांच्या दाबाने काही ठरावीक स्वरच निघतात. सबंध सप्तक निघत नाही. म्हणून ती राजाच्या आगमनास व लग्नाच्या वरातीस चालली, गाण्यास चालली नाही. युरोपात १८१८ च्या सुमारास नळीस पडद्या, म्हणजे दाबावयाच्या कळा, बसविण्याची युक्ती निघाली. कळ दाबली की हवेचा मार्ग लांबतो व स्वर उतरतो. तीन कळांच्या निरनिराळ्या मेळाने सर्व स्वर मिळू लागले. कॉर्नेट व ट्रंपेट ही त्या युक्तीची फळे होत. पलटणींच्या बँडांतून ती आपल्या देशात आली, आणि लग्नाच्या बँडांतून आपल्या घरांत आली. सनई फुंकणाऱ्याच्या नातवाने कॉर्नेट हाती घेतला, यात नवल नव्हते. श्वास तोच होता.

परंतु संगीत नाटकात या वाद्यास दोन अडचणी होत्या. पहिली आवाजाची. माइक नसलेल्या काळात कॉर्नेट पूर्ण फुंकला तर नटाचे गाणे त्यात बुडून जाई. दुसरी स्वराची. नेहमीच्या कॉर्नेटचा मूळ स्वर पेटीवरील काळी पाचचा, गायकाची पट्टी मात्र त्याची स्वतःची; शिवाय गळ्यातील मींड तीन कळांतून काढणे म्हणजे पोत्यातून पाणी नेण्यासारखे. ऑर्गनचा सूर मऊ व अखंड, सारंगी तर गळ्याची सावली. म्हणून मान त्यांना मिळाला. तमाशाच्या फडात मात्र ढोलकी-हलगी-तुणतुण्याच्या जोडीस पेटी आणि क्लॅरिओनेट येऊन बसले, व तेथे वादक आजही प्रेक्षकांच्या समोर उभा असतो. आपल्या शेजारच्या कवलापूरचे काळू-बाळू यांचा फड ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ढोलकीवाला आणि सोंगाड्या एकमेकांस कसे खेळवीत हे सांगावयास नको.

ट्रंपेटला रंगभूमीवर खरे घर मिळाले ते गोमंतकीयांच्या तियात्रात. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला कोंकणी तियात्र झाला, असे मानतात. त्यात नाट्यप्रवेशांच्या मध्ये कथेशी संबंध नसलेली स्वतंत्र गाणी असतात, आणि त्या गाण्यांना ट्रंपेट, सॅक्सोफोन व ड्रम यांची साथ असते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांस लहानपणीच स्वरलिपी वाचावयास शिकवीत. त्यामुळे तेथील तरुण मुंबईस येऊन प्रथम मूकपटांच्या पडद्याखाली, मग हॉटेलांतून, आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजवू लागले. चिक चॉकलेट या नावाने विख्यात झालेले ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ हे १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या साथीस होते. दुसरे ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड यांनी तर पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोंकणी चित्रपट काढला. विद्या होती म्हणून वादकाला दार उघडले, हा यातून घेण्यासारखा बोध.

आता घरची एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हास संकोच वाटतो, तरी सांगणे भाग आहे.

आमचे एक चुलते होते, त्यांस सर्वजण तात्या म्हणत. मिरजेच्या बाजूस एका लग्नाच्या बँडात ते कॉर्नेट वाजवीत. आपला भाग दुष्काळी. पाऊस नसला की शेत रिकामे. मग लगीनसराईत छोट्या गाडीने मिरजेस जावयाचे आणि दोन महिने वाजवून वर्षाचे धान्य आणावयाचे. बार्शी लाईटची ती गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत आली होती. बँडात असताना ते मांडवाच्या दाराशी वाजवीत, आणि शेवटच्या पंगतीस जेवत.

१९७२ च्या दुष्काळाच्या आधी एक-दोन वर्षे, गावच्या हौशी मंडळींनी जत्रेत एक संगीत नाटक बसविले. ऐन वेळी पेटीमास्तर तापाने पडले. कोणीतरी तात्यांस बोलावून आणले. मातीच्या रंगमंचापुढे हातभर खोल खड्डा खणला होता, त्यात तबलजीशेजारी ते बसले. पहिल्याच पदाला कॉर्नेटच्या आवाजापुढे नट ऐकू येईना. तात्यांनी डोकीचा पटका सोडला, त्याचे टोक कॉर्नेटच्या तोंडात कोंबले, आणि सूर असा हळुवार केला की, लोक खड्ड्यात डोकावून पाहू लागले. परदेशी वादक याच कामासाठी धातूचे बूच वापरतात, हे आम्हास फार पुढे कळले. दुसऱ्या अंकात पेट्रोमॅक्स विझला. अंधारात गलका होणार, इतक्यात तात्यांनी मघाच्याच पदाची चाल धरली. बत्ती पुन्हा पेटेपर्यंत एक माणूस जागचा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांस विचारले, “तात्या, अंधारात तुम्हांला भीती नाही वाटली?” ते म्हणाले, “बाळा, आपण अंधारातच असतोय. त्या दिवशी समदीच अंधारात आली, एवढंच.”

मंडळींनी हँडबिल छापले होते. त्यात नटांची, दिग्दर्शकांची, देणगीदारांची, एवढेच काय, बत्ती देणाऱ्या दुकानदाराचेही नाव होते. वादकांची जागा ‘इतर साथीदार’ या दोन शब्दांत होती. हँडबिल आधी छापले होते, तेव्हा तात्यांचे नाव त्यात कसे येणार, हे आम्ही समजू शकतो. परंतु तबलजीचे नाव तरी होते काय? तेही नव्हते.

याहून मोठी चूक आमची स्वतःची आहे. आम्ही शिक्षक झाल्यावर तात्या एकदा बँडाच्या पोशाखात शाळेत आले होते. लाल कोट, खांद्यावर गोंडे. मुख्याध्यापकांनी विचारले, “हे कोण?” आम्ही उत्तर दिले, “आमच्या गावचे एक गृहस्थ.” तात्यांनी ते ऐकले. काही न बोलता हातातली खाऊची पुडी आमच्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्यानंतर ते कधी शाळेत आले नाहीत, आणि आम्ही कधी क्षमा मागितली नाही. ते वारल्यावर कॉर्नेट खुंटीस काही वर्षे होता. मग घरातील कोणीतरी तो पितळेच्या भावाने मोडीत घातला. त्यांचे वाजविणे कोणत्याही यंत्रात साठविलेले नाही. त्यांचा कॉर्नेट हातात घेतलेला एक फोटोदेखील आज घरात नाही.

१९३१ साली बोलपट आला आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. वादक खड्ड्यातून उठून चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणशाळेत गेला, म्हणजे आता तो पुरताच दिसेनासा झाला. आज तर जत्रेतल्या नाटकास बोटाएवढ्या यंत्रात साठविलेले संगीत पुरते. काळ बदलतो, त्याविषयी आमची तक्रार नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हास अभिमानच आहे. वाद्य घडविणाऱ्यांच्या गावाची नोंद झाली, तशीच वाद्य वाजविणाऱ्यांची नोंद व्हावी एवढेच मागणे.

म्हणून आमची सर्व ज्ञातिबांधवांस नम्र सूचना आहे. आपापल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी सनई, सूर, क्लॅरिओनेट, कॉर्नेट किंवा अन्य कोणतेही वाद्य वाजविले, मग ते मांडवात असो, देवळात असो, फडात असो वा नाटकात असो, त्यांचे नाव, गाव, वाद्य व गुरू एवढी चार ओळींची माहिती मंडळाकडे लिहून पाठवावी. हयात असतील त्यांचे वाजविणे मुलानातवंडांनी आजच्या साधनांनी साठवून ठेवावे. जुने वाद्य घरात असेल तर ते मोडीत घालू नये. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ही नावे ओळीने छापावीत, अशी विनंती आम्ही संपादक मंडळींस केली आहे व त्यांनी ती मान्यही केली आहे.

त्या यादीतील पहिले नाव आम्ही स्वतः लिहून दिले आहे. नावापुढे ‘नाते’ असा रकाना आहे. त्यात आम्ही ‘सख्खे चुलते’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे.