युनिव्हर्सलचे भयपट

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने मुख्यत्वे १९३१ ते १९५४ या कालखंडात निर्मिलेली, पिशाच, पुनरुज्जीवित प्रेत, वृकमानव इत्यादी विलक्षण प्राण्यांना केंद्रस्थान देणारी चित्रपटमालिका. भयाच्या पोटी करुणा उत्पन्न करण्याचे सामर्थ्य हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

जर्मनीतून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या कार्ल लेम्ली यांनी १९१२ साली स्थापिलेल्या या संस्थेत ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९२३) व ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) या मूकपटांतील लॉन चेनी यांच्या विद्रूप परंतु व्यथित भूमिकांनी या परंपरेची पायाभरणी केली. आर्थिक मंदीने चित्रव्यवसाय हवालदिल झाला असता टॉड ब्राउनिंग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ड्रॅक्युला’ने (१९३१) बेला लुगोसी यांच्या संथ, परदेशी वळणाच्या उच्चारांमुळे आणि छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी जर्मन चित्रसृष्टीतून आणलेल्या छायाप्रकाशाच्या विद्येमुळे अपूर्व यश संपादन केले.

त्याच वर्षीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’साठी रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी कापूस व कलोडियन यांचे थर चढवून बोरिस कार्लॉफ यांचे कपाळ उंच व चपटे घडविले, तथापि त्या जडशीळ रूपाआडूनही, प्रथमच दिसलेल्या प्रकाशाकडे हात उंचावणाऱ्या त्या प्राण्याच्या ठायी कार्लॉफ यांनी अर्भकाची असहायता प्रकट केली. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी हेच सूत्र ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये (१९३५) परिणतीस नेले : अंध तपस्व्याकडून वाचा व स्नेह लाभलेला प्राणी सहचरीची याचना करतो, आणि त्याच्यासाठीच निर्माण केलेली वधूही त्याला पाहून किंकाळी फोडते. व्हेल यांच्याच ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये (१९३३) जॉन फुल्टन यांनी काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीवर काळ्या मखमलीने आच्छादलेला नट चित्रित करून अदृश्यतेचा आभास साधला.

१९३६ साली संस्थेची मालकी लेम्ली कुटुंबाच्या हातून गेली व हा ओघ आटला. परंतु १९३८ मध्ये ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेनस्टाइन’ एकत्र पुनःप्रदर्शित होताच प्रेक्षकांची अशी गर्दी लोटली, की पुढील वर्षीच ‘सन ऑफ फ्रँकेनस्टाइन’ काढण्यात आला. ‘द वुल्फ मॅन’मधील (१९४१) लॉन चेनी यांचे पुत्र धाकटे चेनी यांचा शापित नायक हा या करुणेचा अखेरचा समर्थ आविष्कार ठरला, त्यानंतर एकाच कथेत अनेक राक्षस गोळा करण्याच्या प्रघाताने प्रत्येकाचे दुःख पातळ झाले आणि १९४८ मध्ये ॲबट व कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर त्यांना उभे करण्यात आले. ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ने (१९५४) जलचर राक्षसाच्या रूपाने या परंपरेत शेवटची मोलाची भर घातली. १९५७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीने हे चित्रपट नव्या पिढीसमोर आणले. तंत्राच्या दृष्टीने पुढील भयपट कितीतरी पुढे गेले असले, तरी समाजाने झिडकारलेल्या जीवाचा कैवार घेण्याची जी दृष्टी या मालिकेने दिली, तीच तिची चिरस्थायी देणगी होय.