लिंबावरून गाडी

गेल्या महिन्यात आतेभावाच्या नव्या गाडीच्या पूजेला नृसिंहवाडीला गेलो होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना हा प्रकार सांगायला नको. नवी गाडी आली की आधी वाडी. दत्त महाराजांचं दर्शन, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ आणि चाकांखाली लिंबं. परत येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी.

पूजा झाली. आता गाडी लिंबांवरून चार फूट पुढे घ्यायची. आतेभावाचा मुलगा म्हणाला, "काका, मी घेतो." वय वर्षं १७. "घेऊ दे की, चार फुटांचा तर प्रश्न आहे," कुणीतरी म्हणालं. (कुणीतरी कशाला, मीच म्हणालो.) पोरानं गिअरचा दांडा 'डी'वर टाकला, ब्रेक सोडला आणि वर अ‍ॅक्सिलरेटरही दाबला. लिंबं फुटली, आणि गाडी चार फुटांऐवजी चांगली पंधरा-वीस फूट जाऊन थांबली. पुढे कुणी नव्हतं, म्हणून सगळे हसले.

मला मात्र दिल्ली आठवली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या एका शोरूममध्ये नवी कोरी थार अशीच लिंबावरून न्यायची होती. अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला गेला आणि गाडी काच फोडून पहिल्या मजल्यावरून थेट खाली! एअरबॅग उघडल्या आणि आतली माणसं वाचली.

परत येताना डोक्यात एकच किडा वळवळत होता. भारी गाडी आणि कच्चा हात ही जोडी जमली कधी? कारण पूर्वी ती जमणं अवघड होतं.

थोडं मागे जाऊ. 'शोफर' हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ भट्टी पेटवणारा. सुरुवातीची मोटार ही गाडी कमी आणि कारखाना जास्त होती. पुढे हँडल मारून इंजिन चालू करायचं, ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. गिअर बदलताना इंजिनाचा आणि चाकांचा वेग कानानं जुळवायचा, नाहीतर दात करकरणार. आपल्याकडे कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धाआधीची ती गाडी. अशी धूडं चालवायला मुरलेला ड्रायव्हरच लागायचा. गाडी घ्यायला पैसा लागायचा, चालवायला विद्या. दोन्ही एकाच माणसाकडे असतीलच असं नाही, म्हणून मालक बहुधा मागे बसायचा.

मग यंत्र हळूहळू सोपं होत गेलं. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला, हँडल गेलं. १९२८ मध्ये सिंक्रोमेश आला, गिअरची करकर गेली. १९५१ मध्ये क्रायस्लरनं पॉवर स्टिअरिंग विकायला काढलं, दंडातला जोर लागेनासा झाला. ऑटोमॅटिकनं क्लच घालवला.

स्पोर्ट्स कार मात्र बराच काळ हट्टी राहिली. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो घ्या. २६० अश्वशक्ती, आणि इंजिन मागच्या आसाच्याही मागे. हिचं टोपणनावच 'विडोमेकर'. का? नवखा माणूस वळणात जास्त वेगानं शिरला की घाबरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो. झालं! गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि शेपूट गर्रकन पुढे येतं. टर्बोची ताकदही जरा थांबून एकदम यायची, तीही बऱ्याचदा वळणाच्या मधोमध. म्हणजे नवख्याची जी सहज प्रतिक्रिया, तीच घातक. ज्यांना हे माहीत होतं ते त्या गाडीला वचकून असत. हा वचक हेही एक प्रकारचं सेफ्टी फीचरच होतं!

१९९५ मध्ये मर्सिडीजमध्ये बॉशची स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा आली. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे ती सतत ताडून बघते. फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. आपल्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन हँडलिंग. ड्रायव्हर चूक करतो, कोड ती गिळतो आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. या यंत्रणेनं अगणित जीव वाचवले, यात वादच नाही. पण त्याच काळात इंजिनं दुप्पट-तिप्पट ताकदीची झाली आणि वचक मात्र संपला.

आणि कोड टायरची पकड वाढवू शकत नाही. ताशी ६० किलोमीटरला चांगले ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. १२० ला? दुप्पट नाही, चौपट. साधारण ७१ मीटर.

ऑगस्ट २०१६ मध्ये मीरा-भाईंदरच्या एका आमदारांनी पत्नीला वाढदिवसाला साडेपाच कोटींची लॅम्बोर्गिनी हुराकान दिली. क्लच नाही, ६१० अश्वशक्ती, शून्यावरून १०० ला जेमतेम सव्वातीन सेकंद. ती निघाली आणि थोड्याच अंतरावर उभ्या रिक्षाला जाऊन धडकली. व्हिडिओ देशभर फिरला, लोक पोट धरून हसले. आम्ही वाडीत हसलो तसेच.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये हसण्यासारखं काही उरलं नाही. पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे टायकाननं मोटारसायकलला उडवलं. मोटारसायकलवरचे दोघंही गेले. दोघंही २४ वर्षांचे इंजिनिअर, आपल्याच धंद्यातले, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि दारू प्यायलेला होता. गाडीची कायम नोंदणीसुद्धा झालेली नव्हती, १७५८ रुपये फी भरायची राहिली होती. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानं फेटाळली. असो, त्यावर खूप लिहून झालंय. मला अडतं ते वयावर.

सतराच वर्षांचा आणखी एक मुलगा. मॅक्स व्हर्स्टापेन मार्च २०१५ मध्ये पहिली फॉर्म्युला वन शर्यत धावला. लहानपणापासून कार्टिंग, बाप स्वतः फॉर्म्युला वनमधला. तरीही एफआयएला ते वय खटकलं. २०१६ पासून नियम आला: किमान १८ वर्षं पूर्ण, खालच्या शर्यतींमधले ४० गुण, आणि (हे वाचून मी थबकलोच) साधं रस्त्यावरचं लायसन्ससुद्धा हवं.

आपल्याकडे? ३७ अश्वशक्तीची मारुती ८०० आणि ६१० ची हुराकान, दोन्हींना लायसन्स एकच. इटलीत डिसेंबर २०२४ पासून नवं लायसन्स घेणाऱ्याला पहिली ३ वर्षं १०५ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण १४० अश्वशक्तीच्या, वरची गाडी चालवता येत नाही. अ‍ॅडलेडमध्ये २०१९ साली लॅम्बोर्गिनीनं १५ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्यातून दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा झाला आणि डिसेंबर २०२४ पासून टनामागे २७६ किलोवॉट किंवा जास्त ताकदीच्या गाड्यांना वेगळं लायसन्स लागू लागलं. आपला कायदा दुसऱ्या टोकाकडून येतो. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

कलम कडक आहे, पण त्यातला मुद्दा मला पटतो. पूर्वी कच्च्या हाताला गाडी स्वतःच अडवायची. हँडल अडवायचं, क्लच अडवायचा, वळणातलं शेपूट अडवायचं. आता गाडी कुणालाच अडवत नाही. आता अडवू शकतो तो फक्त किल्ली हातात असलेला माणूस.

वाडीत त्या दिवशी किल्ली आतेभावाच्या खिशात होती आणि 'घेऊ दे की' मी म्हणालो होतो. घरी पोचल्यावर पोराला फोन केला. म्हटलं, अठरा पूर्ण झाले की लर्निंग काढ, मग सकाळी सकाळी मोकळ्या मैदानात मी शिकवतो. तोपर्यंत नाही, चार फूटसुद्धा नाही. "काका, तुम्हीच तर म्हणालात!" तो म्हणाला.

हो रे बाबा. चुकलंच माझं.