जुने सूर, नवी नाताळगीते

ख्रिस्तजयंतीची चाहूल लागली की धर्मग्रामातील गायकवृंदाच्या तालमी सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही. वडीलधाऱ्यांना बालपणी ऐकलेली गीते हवी असतात. तरुणांना नवे काही गायचे असते. मध्यरात्रीच्या मिस्सेत कोणाचे गीत गायिले जावे, यावरून मने दुखावलेली मी पाहिली आहेत. इंग्लंडमधील केंब्रिज येथे किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात जुन्या-नव्याचा मेळ कसा घातला गेला, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ते मंदिर अँग्लिकन पंथाचे असले, तरी त्याचा इतिहास आपल्यालाही मार्गदर्शक ठरावा.

तेथे नाताळच्या पूर्वसंध्येला होणारी 'नऊ वाचने व नाताळगीते' ही उपासना जगभर ऐकली जाते. ऐकणाऱ्याला ती फार प्राचीन वाटते. वस्तुतः तिचा मूळ आराखडा १८८० साली ट्रुरो येथे बिशप बेन्सन यांनी योजिला. कॅथीड्रलचे बांधकाम चालू असल्याने ती पहिली उपासना एका लाकडी मंडपवजा इमारतीत झाली. किंग्ज कॉलेजात ती १९१८ मध्ये आणली एरिक मिल्नर-व्हाइट यांनी. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी धर्मगुरू म्हणून सेवा केली होती. लोकांच्या हृदयाला भिडेल अशी उपासना हवी, ही जाणीव घेऊन ते परतले. म्हणजे आज जी 'परंपरा' म्हणून ओळखली जाते, ती युद्धाच्या जखमा ओल्या असताना केलेली एक नवी रचना होती! १९२८ पासून बीबीसीने तिचे ध्वनिक्षेपण सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात मंदिराच्या रंगीत काचा काढून ठेवाव्या लागल्या, सुरक्षिततेसाठी स्थळाचे नावही सांगितले जात नसे. तरी गायन थांबले नाही.

जुन्या-नव्याचा मेळ तेथे अनेक प्रकारे साधला गेला. एक मार्ग डेव्हिड विल्कॉक्स यांचा. लोक ओळखीची चाल गात असतात, तेव्हा बालगायक तिच्यावर उंच स्वरांत दुसरी, नवी सुरावट चढवितात. लोकांचे गीत लोकांकडेच राहते आणि तरीही ते ताजे होते. अशा रचनांचा 'कॅरल्स फॉर क्वायर्स' हा संग्रह १९६१ साली निघाला आणि गायकवृंदांच्या हाती रुळला.

दुसरा मार्ग स्टीफन क्लिओबरी यांनी चोखाळला. १९८३ पासून त्यांनी दरवर्षी एका संगीतकाराकडून नवे नाताळगीत रचून घेण्याचा प्रघात पाडला. पहिले गीत लेनक्स बर्कली या कॅथलिक संगीतकाराचे होते. १९८५ मध्ये ज्युडिथ वीअर यांनी जुन्या स्कॉटिश काव्याला आधुनिक चाल दिली. १९९० मध्ये एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्त यांनी मरियेला उद्देशून असलेली स्लाव्ह भाषेतील प्रार्थना संगीतबद्ध केली. आपल्या 'नमो मरिया'ची ती सख्खी बहीणच. शब्द शतकांपूर्वीचे, सूर आजचे! क्लिओबरी २०१९ साली निवर्तले. नव्या गीतांची प्रथा त्यांच्यानंतरही चालू राहिली.

तेथे नवे गीत जुन्याला हटवून येत नाही, हे लक्षात घ्यावे. १९१९ पासून एका बालकाच्या एकल स्वरात तेच प्रवेशगीत उमटते. वाचनांचा क्रमही ओळखीचा असतो. त्या भक्कम चौकटीत नव्या पाहुण्याला मानाची जागा मिळते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात हेच दुहेरी कर्तव्य सांगितले आहे: पवित्र संगीताचा ठेवा जपावा आणि संगीतकारांनी त्यात भरही घालावी. ठेवा केवळ जपला, तर तो पेटीत बंद होतो. केवळ भरच घातली, तर वडीलधारी माणसे आपल्याच मंदिरात परकी होतात. आपल्या धर्मग्रामांत मोठा बेत आखण्याची गरज नाही. जुनी गीते सर्वांनी मिळून गावीत आणि दरवर्षी एकच नवे गीत मन लावून बसवावे. त्यातील एखादे टिकेल, आणि आजची मुले वडीलधारी होतील तेव्हा तेच त्यांचे 'जुने गीत' असेल.